पाण्यावर नाव घ्यायचं नाही

यशवंत गेल्याची बातमी मला एका रिक्षावाल्याने दिली. संध्याकाळ व्हायची होती. माझ्या चष्म्याच्या दुकानात एक आजोबा तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचत होते, एवढ्यात माझा फोन वाजला. नाव यशवंतच्या बायकोचं, मालतीवहिनींचं, आवाज मात्र अनोळखी. “काका, मी रिक्षावाला बोलतो. ते स्टँडवर गाड्या बोलायचे ना, ते काका... ते तलावावर गावले. तुम्ही लवकर या. बाय काय बोलतच नाय.” मी विचारलं, “गावले म्हणजे? बरे आहेत ना?” तो म्हणाला, “नाय काका.” मी तसाच उठलो, स्कूटर काढली आणि निघालो. आजोबा नाकावर फ्रेम घेऊन स्टुलावर बसूनच राहिले, हे मला आशागडच्या पुढे गेल्यावर आठवलं. शेजारच्या दुकानदाराने त्यांना घरी पोचवलं म्हणे.

पोचलो तेव्हा सूर्य ताडांच्या मागे गेला होता, पण उजेड अजून होता. बांधाच्या खाली, घाणेरीच्या झुडपांआड, ताडाच्या बुंध्याला पाठ टेकून यशवंत बसला होता. मांडीवर गळाची काठी आणि तिच्यावर दोन्ही हात. पाड्यावरची चारपाच माणसं लांब उभी होती, एकही जण जवळ जात नव्हता. का, ते मला जवळ गेल्यावर कळलं. त्या काठीचं टोक मधूनच खाली वाकत होतं आणि पुन्हा सरळ होत होतं. गळाला मासा लागला होता, जिवंत होता, आणि तो ओढ घेतोय तसे यशवंतचे हात किंचित हलत होते... मी बुटांसकट पाण्यात उतरलो, तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ओढून घेतला आणि मासा सोडवला. लहानशी मरळ होती. सुटल्यावर ती लगेच पळाली नाही, माझ्या पायाशी जरा घुटमळली आणि मग खाली गेली. मालतीवहिनी वर बांधावर बसल्या होत्या. त्यांची नजर नवऱ्याकडे नव्हती, तलावाच्या पलीकडच्या काठाकडे होती. मी हाक मारली तरी त्यांनी मान वळवली नाही.

याला आता काही आठवडे झाले. पुरवणीच्या संपादकांनी लिहा म्हटलं तेव्हा मी हो म्हणालो खरा, पण हा लेख कसा लिहावा हे मला अजून नीट समजलेलं नाही. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चष्म्याचा धंदा करणाऱ्याला तो परवडतही नाही. ज्याला काही नसलेलं दिसतं, त्याचा नंबर तपासायचा, एवढंच आमचं शास्त्र. पण यशवंतबद्दल लिहायचं म्हणजे पाण्याबद्दल लिहायला हवं, आणि पाण्याबद्दल लिहायचं तर काही गोष्टी गाळून चालणार नाही.

डहाणूत ज्यांनी एकदा तरी एस.टी. पकडली आहे, त्या सगळ्यांनी यशवंतला ऐकलेलं आहे. तो स्टँडवर कंट्रोलर होता. खिडकीमागे बसून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायचा. तलासरी, उधवा, कासा, जव्हार... त्याच्या तोंडून ही गावं ऐकली की तिथे आपलं काही काम असावं असं वाटायचं. आवाज भरदार, थोडा नाकातला, प्रत्येक नावाचं शेवटचं अक्षर जरा लांबवायची खोड. बाजारात तो नुसता “कोथिंबीर कशी दिली?” म्हणाला तरी चार डोकी वळायची. गुजराती व्यापाऱ्याशी गुजराती, पाड्यावरून आलेल्या म्हातारीशी तिच्या बोलीत, आमच्याशी मराठीत, आणि साहेबांशी कुठल्याही भाषेत भांडण. गप्प बसलेला यशवंत मी पहिल्यांदा पाहिला तो पाण्याकाठी.

दोन हजार चौदा साली मी नाशिककडून इकडे आलो, स्टेशनजवळ दुकान टाकलं आणि मसोलीत घर घेतलं. भिंतीला भिंत लागून यशवंतचं घर. आमची ऋचा तेव्हा चौथीत होती. रविवारी ती सकाळपासून टीव्हीसमोर आणि तिची आई शुभदा सकाळपासून तिच्या मागे, असा आमच्या घरचा कार्यक्रम असे. आवाज पलीकडे जात असणारच. एका शनिवारी यशवंत कुंपणावरून म्हणाला, “शेठ, उद्या सकाळी तयार राहा. पोरीला घ्या, वहिनींना पण घ्या. मासे धरायला जाऊ.” मी म्हटलं, आम्ही मासे खात नाही. तो म्हणाला, “मग सोडून द्या. धरायला कुठं खावे लागतात?” समुद्र दाराशी असताना हा गोड्या पाण्यात कशाला जातो, हेही मी विचारलं. “समुद्र धंद्याचा आहे,” तो म्हणाला. “बायकापोरांना घेऊन बसायचं तर तळं हवं.”

या बाबतीत त्याची मतं ठाम होती. जागा एवढीच लांब हवी की दुपारचं जेवण घरी येऊन जेवता आलं पाहिजे. डबा बांधून मासे धरायला जाणारा माणूस त्याच्या मते लोभी. काठ उतरता हवा, पाणी एकदम खोल होता कामा नये, सावली सकाळची हवी, आणि बायकांना अडचण होणार नाही अशी आडोशाची जागा जवळ हवी. हे सगळं पाहून तो कुठली जागा घरच्यांना न्यायची आणि कुठे एकट्याने जायचं हे ठरवायचा. कुर्झ्याच्या धरणाची उतरती कड घरच्यांची. वरोळी नदीत पुलाखालचा खडकाळ डोह पावसाळ्यानंतर एकट्याचा, पण माघात पाणी उतरलं की घरच्यांचा. आणि सगळ्यांत लाडका तो हा तलाव, तलासरीच्या वाटेवर हायवे सोडून आत, एका पाड्याच्या मागे. त्या पाड्याचं नाव मी देत नाही. जागा सांगितली की जागा जाते, असं यशवंत म्हणायचा. शिवाय या लेखानंतर कुणी तिथे पोरंबाळं घेऊन जावं, असं मला वाटत नाही.

पहिल्या रविवारी आम्ही त्या तलावावर पोचलो तर यशवंतने आधी आम्हाला बांधावर उभं केलं आणि विचारलं, “घरी काय विसरलात?” म्हटलं, हा काय प्रश्न झाला? पण त्याने एकेकाला विचारलंच. माझी टोपी राहिली होती. शुभदाने काकड्या आणल्या होत्या आणि मीठ विसरली होती. ऋचा गाडीतून अनवाणीच उतरली, तिच्या चपला दारात राहिल्या होत्या. “झालं,” यशवंत म्हणाला. “शेठ, तुम्ही टोपी. वहिनी, तुम्ही मीठ. आणि ही चप्पल. आता घरी परत जाईपर्यंत हीच नावं. खरं नाव कुणी घ्यायचं नाही. माझं काडेपेटी.” ऋचा हसून हसून लोळायची बाकी राहिली. आपल्या आईला ‘ए मीठ’ म्हणायला मिळतंय म्हटल्यावर तिला टीव्हीची आठवण कशाला येईल!

मला वाटलं, पोरीला रमवायला काढलेला खेळ आहे. तसा तो नव्हता. यशवंतच्या आजोळी, तलासरीकडच्या आतल्या गावात, त्याचे मामा असंच करायचे. त्यांचं म्हणणं असं की पाण्याला माणसांची नावं ऐकायची हौस असते. एकदा ऐकलं की ते विसरत नाही, आणि मग कधीतरी त्याच नावाने हाक मारतं, तीही आपल्याच माणसाच्या आवाजात. घरी राहिलेल्या वस्तूचं नाव घेतलं की पाण्याला फक्त वस्तू कळते, माणूस कळत नाही. आणि ती वस्तू आपल्याला संध्याकाळी घरी ओढून आणते. “पाण्यावर कुणी खऱ्या नावाने हाक मारली,” यशवंतने सांगितलं, “तर ओ द्यायची नाही. मागं बघायचं नाही. जागचं उठायचं नाही. हाक दोनतीनदा येते आणि थांबते.” मी म्हटलं, आणि ओ दिली तर? तो गळाला गांडूळ लावत होता. म्हणाला, “माझ्या मामांपैकी कुणी दिलेली नाही. त्यामुळे माहीत नाही.” आणखी एक होतं. ही गोष्ट पाण्याबाहेर, घरी बोलायची नाही. पाण्यावरचं पाण्यावर. आम्हीही ते पाळलं, विश्वास म्हणून नव्हे, गंमत म्हणून.

त्यानंतरचे रविवार फार चांगले गेले. पावसाळा सरला की होळीपर्यंत आमचं ठरलेलं असे. तीन गळ, कणकेचा गोळा, ओल्या मातीच्या डब्यात गांडुळं, आणि काठावर ओळीने बसलेली चार माणसं. थर्माकोलचा तुकडा पाण्यावर डुलायचा. तो बुडाला की ऋचा किंचाळायची आणि काडेपेटी डोळे वटारायचा. स्टँड दणाणून सोडणारा हा माणूस इथे कुजबुजत बोलायचा. शिंगटी मासळी काट्याला कशी धरायची, गळ पोटात गेला असेल तर ओढायचा नाही, लहान मासा ओल्या हाताने सोडायचा, हे सगळं त्याने ऋचाला शिकवलं. मला शिकवायचा नाद त्याने लवकर सोडला. माझ्या गळाला बहुतेक वेळा झाडाची मुळी लागायची. “टोपीने आज पुन्हा जंगल पकडलं,” एवढंच तो म्हणायचा.

जेवायच्या वेळेला आम्ही मसोलीत परत. दारात मालतीवहिनी उभ्या असायच्या, वाटण तयार असायचं. त्या कधीही पाण्यावर आल्या नाहीत. “मला नाही बाई जमणार तुमचं ते मुकं बसणं,” म्हणायच्या. यशवंतला मासे रांधून द्यायचे, आम्हाला पिठलं-भात वाढायचा आणि सगळ्यांचं कौतुक ऐकायचं, हा त्यांचा रविवार. त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आता त्यात काय विशेष, त्या पिढीत ते असायचंच. पण वहिनींचं जरा जास्तच होतं. हळदीकुंकवाला उखाणे सुरू झाले की त्या चहा टाकायला आत पळायच्या. दवाखान्यात बाईंनी नवऱ्याचं नाव विचारलं तर या शुभदाकडे बघायच्या, ‘तू सांग ना गं.’ लग्नात एक उखाणा घेतला होता म्हणे, तो त्यांच्या करवलीलाही ऐकू गेला नाही. घरात सगळा कारभार ‘अहो’वर चालायचा. यशवंत मुद्दाम ओ द्यायचा नाही. मग ‘अहो, ऐकलं का’, मग ‘अहो, तुम्हालाच’, अशी ती हाक भिंतीतून आमच्याकडे यायची आणि आम्ही हसायचो.

मग तो एक रविवार आला. दुपार व्हायच्या आधीची वेळ, लख्ख ऊन, वारा अजिबात नाही. आम्ही चौघं नेहमीसारखे ओळीने बसलो होतो. माझ्या उजवीकडे शुभदा, डावीकडे ऋचा, तिच्या पलीकडे यशवंत. समोरच्या काठावर ताडांची रांग आणि तिच्याखाली कुणीही नाही. आणि तिथून हाक आली. “ऋचाऽऽ...” हाक शुभदाची होती. शाळेच्या बसला उशीर झाल्यावर ती अशी हाक मारते, शेवटाला थोडी चिडून. मी उजवीकडे पाहिलं. शुभदा माझ्या शेजारी बसली होती, तिचं तोंड बंद होतं, आणि ती माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की ते मी अजून विसरलेलो नाही. ऋचाने गळ खाली ठेवला आणि उठायला लागली. आईने बोलावलंय म्हटल्यावर मूल उठणारच. यशवंतने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि हलकेच तिला खाली बसवलं. “चप्पल, बस,” तो म्हणाला. “तुझ्या गळाला बघ काय लागलंय.” हाक पुन्हा आली. या वेळी जरा जवळून, आणि लाडाने. ऋचाच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मला दिसत होते. मग आणखी एकदा आली. मग थांबली.

यशवंतने गळ गुंडाळले, गांडुळांचा डबा झाडाखाली रिकामा केला आणि आम्ही गाडीकडे निघालो. घरी आल्यावर शुभदा एवढंच म्हणाली, “मी आता यायची नाही, आणि ही पण नाही.” मी शहाणपणा केला. पाड्यावर ऋचा नावाची दुसरी मुलगी असेल, आवाज पाण्यावरून वेगळा ऐकू येतो, वगैरे वगैरे. शुभदाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माझा आवाज मला कळत नाही का?” मालतीवहिनींना आम्ही ऋचाला ऊन लागलं असं सांगितलं. नियमाबद्दल अर्थातच कुणी बोललं नाही.

त्यानंतर मी आणि यशवंत दोघंच जायला लागलो, तेही कमी कमी. तो निवृत्त झाला. स्टँडवर नवीन माणूस आला, त्याच्या तोंडून कासा आणि जव्हार सारखंच ऐकू यायचं. यशवंतला करमेना. मग तो मधल्या वारी एकटाच रिक्षा करून तलावावर जायला लागला. जेवायच्या वेळेला मात्र नेमाने घरी. आणि दोन हजार अठराच्या अखेरीस जमीन हलायला लागली. तलासरीकडचे ते दिवस इथल्या लोकांना मी काय सांगू! आधी खालून आवाज यायचा, अंगणाखालून भरलेला ट्रक गेल्यासारखा, मग भांडी वाजायची, मग माणसं बाहेर. तिकडे लोक घराबाहेर ताडपत्री बांधून थंडीत झोपत होते. आमच्या मसोलीपर्यंतही धक्के यायचे. पहिला आवाज झाला की मालतीवहिनी अंगणात पोचलेल्या असायच्या, आणि यशवंत आत सावकाश चपला शोधत असायचा. बाहेरून ‘अहो, या ना बाहेर!’ चालू.

त्या काळात एकदा मी त्याच्याबरोबर तलावावर गेलो. वारा पडलेला होता तरी पाण्यावर बारीक शहारे उठत होते. काठापासून सुरू व्हायचे आणि मध्यावर जाऊन मिटायचे, म्हणजे नेहमीच्या उलट. मासा गळाला तोंड लावत नव्हता. मी म्हटलं, काडेपेटी, घरी जाऊ. तो पाण्याकडे बघत म्हणाला, “खालून कुणीतरी दार वाजवतंय रे.” मग गळ वर ओढून म्हणाला, “एक सांगू? हे हादरे सुरू झाल्यापासून हाका बंद झाल्यात. एकदाही नाही आली.” मी गमतीने म्हटलं, चांगलंच झालं की. तो हसला नाही. “चांगलं कसं? ते सुद्धा घाबरलंय.” आधी हाका नेहमी यायच्या का, तुला कोण हाक मारायचं, हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण पाण्याकाठी मला तो प्रश्न विचारवला नाही, आणि घरी ते बोलायचं नव्हतं. त्याच्याबरोबर पाण्यावर गेलो तो माझा तो शेवटचा दिवस.

तो गेला त्या दिवशी काय घडलं हे मालतीवहिनींनी मला दिवसकार्य झाल्यावर सांगितलं. जेवायची वेळ झाली, टळली, यशवंत आला नाही. पाण्यावर तो फोन बंद ठेवायचा. भात निवला, पुन्हा गरम केला, पुन्हा निवला. मग वहिनींनी सकाळी ज्याने त्याला सोडलं होतं त्याच रिक्षावाल्याला बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या तलावावर गेल्या. बांधावर उभ्या राहिल्या. तिथून घाणेरीमागचं काही दिसत नाही. त्यांनी हाक मारली, “अहोऽ...” काही नाही. पुन्हा मारली. नाही. रिक्षावाला म्हणाला, “बाय, नाव घेऊन बोलवा ना. ‘अहो’ कोनाला कळल?” वहिनी सांगत होत्या, “भावजी, मला इतकी लाज वाटली. तिथे ऐकायला कोण होतं? तरी लाज वाटली. डोळे मिटले आणि जोरात हाक मारली. यशवंऽऽत... आणि ओ आली.”

समोरून आली, ताडांच्या रांगेखालून. एकदाच, स्वच्छ, यशवंतच्याच आवाजात, शेवट जरा लांबवलेली. वहिनी आणि रिक्षावाला तलावाला वळसा घालून पळत पलीकडे गेले. तिकडे कुणी नव्हतं. चिखलावर पाऊल नव्हतं. त्यांनी हाका मारल्या, पाड्यावरची माणसं आली, सगळे पलीकडचाच काठ धुंडाळत राहिले, आणि शेवटी परत येताना कुणाला तरी अलीकडे, बांधाखाली, काठीचं टोक हलताना दिसलं. रिक्षावाल्याला मी नंतर स्टेशनबाहेर गाठून विचारलं. तो म्हणाला, “मी पन आयकला काका. तिकडून ‘ओ’ आला. गाड्या बोलायचे तोच आवाज. मी खोटा कशाला बोलू?” डॉक्टरांचं म्हणणं असं की यशवंत दुपारीच, वहिनी तिथे पोचायच्या आधीच गेला असावा, झोपेत जावं तसा, हृदय थांबून.

म्हणजे माझ्यापुढे पेच होता तो हा. वहिनींना वाटत होतं, नवऱ्याने शेवटची ओ आपल्याला दिली. या एका अक्षरावर त्या उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचा चेहरा उजळायचा. आणि आमच्या घरात मात्र माहीत होतं की पाण्यावर नावाने मारलेल्या हाकेला यशवंत कधीही ओ देणार नाही. ‘अहो’ ऐकून कदाचित आला असता. नावाला नाही. तो जिवंत असता, अगदी बांधाखाली धडधाकट बसलेला असता, तरी त्या हाकेला गप्प बसला असता. मग ओ दिली कुणी? पलीकडे एखादा गुराखी होता, त्याने सहज दिली, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण आवाज? मी शुभदाला विचारलं, वहिनींना सांगावं का? ती म्हणाली, “सांगू नका. त्यांच्याकडे दुसरं काय उरलंय?”

पण मालतीवहिनींनीच मला धरलं. एका दुपारी म्हणाल्या, “भावजी, मी ओ आली म्हणते तेव्हा तुम्ही खाली बघता. काय आहे ते बोला.” या वेळी त्यांच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. मी सगळं सांगितलं. टोपी, मीठ, चप्पल, काडेपेटी, त्याचे मामा, ऋचाची हाक, सगळं. सांगताना मला रडू आवरेना, आणि आपण हे का करतोय असंही वाटत होतं. मध्ये एकदा ‘काडेपेटी’ला वहिनींना हसू आलं. माझं संपलं तेव्हा त्यांनी पदराने आपले डोळे नव्हे, टेबलावरचा कसलातरी डाग पुसला आणि म्हणाल्या, “एवढंच ना? अहो भावजी, जन्मात पहिल्यांदा मी त्यांना नावाने हाक मारली. तुमचा नियम असेल हो तुमच्यासाठी. पण त्या हाकेला ते ओ देणार नाहीत, असं होईल का?” मी म्हटलं, वहिनी, डॉक्टर म्हणाले ते दुपारीच... “डॉक्टरांना विचारून गेले का ते?” त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

मला तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, बाईने आपल्यापुरतं उत्तर शोधलं, आता आपण त्यात लुडबुड करू नये. खरं सांगायचं तर मलाही ते उत्तर हवं होतं. आयुष्यभर पाळलेला नियम एका माणसाने बायकोसाठी मोडला, असं समजून झोप लागते. दुसरं काही समजलं तर लागत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. घरचे चिकू उतरवले होते, त्यातले थोडे घेऊन. दिवेलागणीची वेळ. आम्ही ओट्यावर बोलत बसलो होतो आणि खालून तो आवाज आला, बऱ्याच दिवसांनी. आतली भांडी वाजली. खिडकीची काच थरथरली. आळीतले सगळे बाहेर आले, जो तो आपापल्या माणसांना नावं घेऊन बोलवत होता. मी वहिनींचा हात धरून त्यांना अंगणात घेतलं. त्यांनी हात सोडवून घेतला, परत दाराशी गेल्या आणि दार सताड उघडं धरून आत, रिकाम्या घरात, मोकळ्या आवाजात हाक मारली, “यशवंत, या ना बाहेर!” आता त्यांना लाज वाटत नव्हती. हाक मारून त्या दार धरून थांबल्या. आत अंधार होता. एखादा माणूस सावकाश चपला शोधून बाहेर येईल, बरोबर तेवढा वेळ त्या थांबल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी गेली आणि त्यांनी दार हळूच ओढून घेतलं. मी पायरीवर उभा होतो. दोघांना वाट द्यावी म्हणून मी बाजूला झालो.